शेपूट जिकडं, हात तिकडं

ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली मागे घेणं हे काम भल्याभल्यांना रडवतं. ट्रॉलीचं शेपूट उजवीकडे न्यायचं असेल तर ट्रॅक्टरचं चाक डावीकडे वळवावं लागतं, डावीकडे न्यायचं असेल तर उजवीकडे. जरा जास्त वळलं की ट्रॉली मधेच मुडपते आणि हट्टी म्हशीसारखी आडवी उभी राहते. आनेकल तालुक्यातल्या आमच्या गावात हे काम माझ्याइतक्या सफाईने कोणी करत नसे. फुशारकी म्हणून सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे, पण मी फुशारकी म्हणूनच सांगते आहे. आमच्या अंगणात फणसाचं झाड आणि पाण्याची टाकी यांच्यामधे जेमतेम ट्रॉलीपुरती वाट आहे. बीटने भरलेली ट्रॉली मी त्या वाटेतून एका दमात मागे आत घालत असे, आणि शेजारपाजारचे लोक स्वतःच्या ट्रॉलीसाठी मला बोलवायला येत.

आमच्या ह्यांना मात्र ते कधी जमलं नाही. जन्म लॉरीत गेला, पण ट्रॉली मागे घ्यायची म्हटली की हे हात टेकत. सरळ ट्रॉली सोडवायचे, चार माणसं लावून ढकलायचे. लॉरी त्यांची आणि ट्रॉली माझी, अशी आमच्या घरात वाटणीच होती. मी त्यांना त्यावरून चिडवायची, तेही मला सोडत नसत.

आम्ही दोघं निपाणीकडचे. लग्नानंतर लगेच बेंगळुरूला आलो. हे आधी दुसऱ्याच्या लॉरीवर होते. मग ओळखीचे एक जमीनदार शेती सोडून व्हाइटफील्डला मुलाच्या फ्लॅटमधे राहायला गेले आणि त्यांची आनेकलची जमीन आमच्याकडे कसायला आली. लाल माती, बोअरचं पाणी, बीट, कोबी, नवलकोल. पुढे आजूबाजूच्या चार-पाच घरांनी मिळून एक जुनी सहाचाकी लॉरी घेतली. ती अर्थातच हे चालवणार होते. सगळ्यांचा भाजीपाला एका गाडीतून शहरात जायचा आणि दलालाच्या गाडीची वाट बघत कोबी बांधावर सुकायचा बंद झाला.

सुरुवातीच्या दिवसांत लॉरीवर क्लीनर मीच होते. लॉरी मागे घेताना पाठीमागे उभं राहून पत्र्यावर हात मारायचा. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. ओरडून उपयोग नसतो, इंजिनच्या आवाजात ड्रायव्हरला काही कळत नाही, पण थाप कळते. त्या थापांपायी माझ्या किती बांगड्या फुटल्या, याचा हिशेब ह्यांनी ठेवला नाही आणि मीही मागितला नाही.

मग ह्यांचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की चालाल, फिराल, पण लॉरीचा क्लच आता विसरा. हे घरी आले ते गप्पच झाले. अंगणात फणसाखाली खुर्ची टाकून, पाय उपड्या क्रेटवर ठेवून दिवसभर उभ्या लॉरीकडे बघत बसायचे. जेवायला हाक मारली तर जेवायचे, नाही मारली तर नाही. या माणसाला मी रागावलेलं पाहिलं होतं, थकलेलं पाहिलं होतं, पण असं विझलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला त्याची भीती वाटायची.

भाड्याचे ड्रायव्हर आणून पाहिले. चांगला ड्रायव्हर आज येतो आणि उद्या गोदामाच्या कंटेनरवर किंवा ऑफिसच्या बसवर जातो. त्याचं काही चुकत नाही, तिथे पगार वेळेवर असतो. पण भाजी त्याच्यासाठी थांबत नाही. शेवटी आम्हा घरांची बैठक झाली. आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे अण्णा म्हणाले की होसूरकडचं एक गिऱ्हाईक लॉरी बघायला येतो म्हणतंय, देऊन टाकू. ह्यांनी मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेकडे बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मी शिकते," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही, हे मी कबूल करते. अण्णांनी थोडा विचार केला. घरोघरीची तरुण मुलं कारखान्यात जात होती, बाकीच्यांना ट्रॅक्टरपलीकडे हौस नव्हती. अण्णा कन्नडमधे म्हणाले, "अक्का ट्रॉली मागे घेतात. मग लॉरी काय अवघड आहे? सरी." म्हणजे ठीक आहे. ठरलं असं की मी अवजड गाडीचं लायसन काढलं तर लॉरी राहील. नाही निघालं तर होसूरचं गिऱ्हाईक.

माझ्याकडे साध्या गाडीचं लायसन होतंच. अवजड गाडीचं शिकाऊ लायसन काढलं आणि ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. आनेकलच्या बाहेर एका माळावर शेतकऱ्यांनाच जास्त करून शिकवणारी ती शाळा होती. शिकवणाऱ्यांनाही सगळे अण्णाच म्हणायचे, पण हे अण्णा आमच्याच सीमाभागातले, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. माझं मराठी ऐकून त्यांना बरं वाटलं आणि त्या आनंदात त्यांनी मला पहिल्याच दिवशी भरपूर बोलून घेतलं.

"अक्का, ह्यो ट्रॅक्टर न्हवं. पाय काढला की ट्रॅक्टर हळू हळू थांबतोय, ही थांबत न्हाई. आणि मागं वळून काय बघालाय सारखं? मागं नांगर हाय काय?"

शेतकऱ्याची मान मागे वळते ती वळतेच. नांगरताना पुढे कमी आणि मागे जास्त बघायचं असतं. नांगराचा तास सरळ निघतो की नाही ते मागेच कळतं. आमच्या वर्गातले सगळेच शेतकरी लॉरीत बसले की मागे बघायचे, आणि मागे केबिनची भिंत. अण्णा प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचे. मी आरशात बघायला लवकर शिकले. पुढे चालवणं, चढावर थांबून पुन्हा उचलणं, गिअर, हवेचे ब्रेक, हे सगळं बसलं. अण्णा खूश होते. लॉरी मागे घ्यायचा धडा शेवटी होता, आणि त्याची मला चिंताच नव्हती.

तिथेच माझी फजिती झाली. लॉरी अखंड असते, तिला मधे सांधा नसतो. शेपूट उजवीकडे न्यायचं तर चाक उजवीकडेच वळवायचं. म्हणजे ट्रॉलीपेक्षा सोपं. ज्याला ट्रॉलीचा गंधही नाही असा माणूसही हे सहज करतो. आणि मी, गावाच्या ट्रॉल्या मागे घेणारी, लॉरी उजवीकडे न्यायची म्हटलं की चाक डावीकडे फिरवायची. लॉरी डावीकडे जायची, ती जाते आहे हे बघून मी आणखी डावीकडे फिरवायची. माळावर रोवलेले दांडके एकेक करून आडवे व्हायचे.

"अक्का, उलटं," अण्णा म्हणायचे.

"कळतंय मला."

"कळतंय तर करा की."

कळत होतंच. घरी भाकऱ्या थापताना मी स्वतःला बजावायची, जिकडे शेपूट तिकडे चाक. तोंडाने म्हणत लॉरीत चढायची. पहिल्या वळणापर्यंत ते लक्षात राहायचं आणि घाई झाली की हात आपलं जुनंच करायचे.

पहिल्या परीक्षेत तेच झालं. परिवहन कार्यालयाच्या मैदानावर नागमोडी वाट होती, दोन्ही बाजूंना खांब. पुढे गेले ते सुरेख गेले. मागे घेताना पहिलं वळण निभावलं आणि दुसऱ्यावर खांब गेला. तो पडल्याचा आवाज अगदी लहान होता. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, पुन्हा या. मी खाली उतरले आणि लॉरीच्या चाकाला लाथ मारली. लॉरीच्या चाकाला लाथ मारून लॉरीला काही होत नाही, हे सांगायला नकोच. आठवडाभर लंगडत होते. घरात दोन माणसं आणि दोघंही लंगडी.

शिकवणाऱ्या अण्णांनी मग उपाय सांगितला. "अक्का, थोडे दिवस ट्रॅक्टरला शिवू नका. हात विसरले की लॉरी जमंल."

"आणि बीट कोण काढणार? तुम्ही?"

ते हसले. मला हसू आलं नाही. शेत कसायचं तर ट्रॅक्टर हवा, माल विकायचा तर लॉरी हवी. एक सोडून दुसरी धरायची चैन आम्हाला परवडण्यातली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला ट्रॉली सोडायची नव्हती. ती माझी होती. एवढ्या वर्षांत कष्टाने कमावलेली गोष्ट लायसनसाठी विसरायची, हे मला पटतच नव्हतं. मला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळेपर्यंत मी मागे हटणार नव्हते. गावातल्या अण्णांना मी तसं सांगून आले. ते म्हणाले, आणखी एक परीक्षा द्या, होसूरवाल्याला मी तोवर थोपवून धरतो. पण त्यापुढे नाही.

गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीचं मोकळं मैदान आहे. तिथे मी निलगिरीचे दांडके रोवले, नागमोडी वाट आखली आणि रोज दुपारी आमची लॉरी घेऊन जायला लागले. शिकाऊ लायसनवर एकटीने चालवता येत नाही, शेजारी लायसनवाला लागतो. म्हणून ह्यांना यावं लागे. केबिनमधे चढताना त्यांना त्रास व्हायचा, पण घरी बसलेल्यापेक्षा बरं, असं मला वाटायचं. मैदानावर पोचल्यावर ते उतरायचे आणि सावलीत क्रेटवर बसायचे. मी दांडके पाडायची, उतरून पुन्हा रोवायची, पुन्हा पाडायची. उन्हाने आणि रागाने माझं डोकं तापलेलं असायचं.

एका दुपारी लागोपाठ तिसऱ्यांदा तोच दांडका पडला तेव्हा ह्यांना हसू फुटलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसले होते. दुसरी एखादी असती तर तिला आनंद झाला असता. मी मात्र खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "हसा. होसूरचा माणूस आला म्हंजे आणि हसा."

त्यांचं हसू गेलं. संध्याकाळभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्याने माझी जीभ हलली असती तर काय हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोबीची ट्रॉली अंगणात आणली. हे काठी टेकत आले आणि म्हणाले, "जरा थांब. पुन्हा भाईर काढ आणि पुन्हा आत घे."

"कशाला? कामं पडलीत."

"घे म्हणतोय न्हवं."

मी ट्रॉली बाहेर काढली आणि पुन्हा मागे घेऊ लागले. हे ट्रॅक्टरच्या बाजूने चालत होते. त्यांची नजर चाकांवर नव्हती, ट्रॉलीवरही नव्हती. ते माझ्या हाताकडे बघत होते. मी आत घेतली तसे म्हणाले, "हात तसाच ठेव. बघ कुठं हाय."

मी पाहिलं. माझा उजवा हात स्टिअरिंगच्या तळाशी होता, खालून धरलेला. मागे वळून बसलं, डावा हात मडगार्डवर टेकला की उजवा हात आपोआप खालीच येतो. इतकी वर्षं तो तिथेच होता आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"आता शेपूट उजवीकडं न्यायचं म्हटल्यावर हात कुठं ढकलतीस?"

मी ढकलला. उजवीकडेच. पण हात तळाशी असल्यामुळे चाक डावीकडे फिरलं.

मग मला एकदम लख्ख दिसलं. उलटं फिरवायचं वगैरे मी कधी मनात आणतच नव्हते. ते मी फक्त लोकांना सांगायची. माझा हात आपला सरळ जिकडे शेपूट हवं तिकडे जायचा, आणि तो खाली असल्याने चाक बरोबर उलटं वळायचं. लॉरीतही मी घाईला आले की हात खाली घसरायचा आणि तेच करायचा. हात वर असता, स्टिअरिंगच्या माथ्यावर, तर तोच हात तिकडेच ढकलून लॉरी बरोबर गेली असती. विसरायचं काहीच नव्हतं. ट्रॉलीला खालून धरायचं आणि लॉरीला वरून. शेपूट जिकडं, हात तिकडं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मला कुठलं? मला ट्रॉली येती काय?" ते म्हणाले. "काल तू तिसऱ्यांदा दांडका पाडलास तवा हात खाली घसरलेला दिसला. म्हणून हसलो मी."

मी त्यांच्यासाठी आलं घालून चहा केला.

त्या दुपारी ह्यांनी माझ्या जुन्या पिवळ्या साडीची चिंधी लॉरीच्या स्टिअरिंगच्या माथ्यावर बांधली. हात तिथून हलला की खालून बसल्या बसल्या ओरडायचे, "चिंधी!" हा शब्द मी इतका ऐकला की झोपेतही दचकून हात वर न्यायची. दांडके उभे राहू लागले. सकाळी ट्रॉली, दुपारी लॉरी, असं मी मुद्दाम एकामागून एक करायची, म्हणजे हाताला दोन्ही जागा आपापल्या कळाव्यात. परीक्षा जवळ आली तशी ह्यांनी चिंधी सोडून टाकली. मी रागावले तर म्हणाले, "तिथं कोण बांधून देणार हाय तुला?"

परीक्षेच्या दिवशी हे आले नाहीत. मीच नको म्हटलं. गावातले अण्णा मला सोडायला आनेकलच्या बसस्टँडपर्यंत आले आणि जाता जाता म्हणाले की गिऱ्हाईक रविवारी येतंय. त्यांना ते सांगावंच लागत होतं, पण मला त्या वेळी ऐकायचं नव्हतं. बसमधे मी खिडकीच्या दांडीला वरून धरून बसले होते.

मैदान तेच, साहेब तेच. लॉरी शाळेची होती, तिचं स्टिअरिंग आमच्यापेक्षा मोठं आणि घासून गुळगुळीत झालेलं. पुढे गेले. थांबले. मागचा गिअर टाकला. हात माथ्यावर. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी डाव्या आरशात खांब एकदम जवळ दिसला. हात सुटला आणि खाली आला. आला ते मला कळलं. पूर्वी कळायचं नाही, तेव्हा कळलं. मी ब्रेक दाबला. लॉरी जागच्या जागी उभी राहिली.

साहेब खिडकीशी आले. "का थांबलात?"

"हात जागेवर आणायला, सर."

त्यांना काही उमगलं नसावं. मी हात उचलून पुन्हा माथ्यावर ठेवला आणि सावकाश, कन्नडमधे म्हणतात तशी स्वल्प स्वल्प, थोडी थोडी, लॉरी मागे घेतली. खांब आरशातून बाजूला सरकला. मग पुढचा सरकला. वाट संपली आणि मी इंजिन बंद केलं. साहेबांनी सगळ्या खांबांवरून एकदा नजर फिरवली आणि "सरी" एवढंच म्हणाले. शिकवणारे अण्णा कुंपणाबाहेर उभे होते. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोडले.

होसूरच्या माणसाला फोन करून यायची तसदी घेऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ते काम गावातल्या अण्णांनी माझ्या देखत केलं आणि मुद्दाम मोठ्या आवाजात केलं.

लायसन हातात आल्यावरची पहिली खेप के. आर. पुरमच्या अलीकडल्या एका भाजी गोदामाची होती. व्हाइटफील्डच्या इमारतींमधे घरपोच जाणारी भाजी तिथून निघते. बीट आणि कोबी भरला. निघायच्या वेळी हे काठी घेऊन लॉरीच्या डाव्या दाराशी येऊन उभे राहिले.

"तुम्ही कुठं?"

"क्लीनर नको?"

मी खाली उतरून त्यांना वर चढायला हात दिला. वर बसल्यावर त्यांनी दोनदा उगाचच समोर पाय लांब केले. तिथे ना क्लच होता ना ब्रेक. वाटेत ऑफिसच्या गाड्या दोन्ही बाजूंनी घुसत होत्या, डोक्यावरून मेट्रो जात होती आणि मी रागाने हॉर्न मारत होते. हे एकदाच म्हणाले, "माझ्यापेक्षा जास्त हॉर्न मारतीस."

गोदामात माल उतरवायचा कट्टा अरुंद होता. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, मधे एका लॉरीपुरती जागा. पहारेकरी शिट्टी फुंकत हात हलवत होता आणि त्याचे हात कुठल्या दिशेला हलतात ते त्यालाच ठाऊक. हे म्हणाले, "मी उतरतो." काठी टेकत मागे गेले आणि डाव्या आरशातून दिसेनासे झाले. मी हात स्टिअरिंगच्या माथ्यावर ठेवला, मागचा गिअर टाकला आणि वाट बघत बसले.

मागून पत्र्यावर दोन थापा आल्या. येऊ दे.

मी गाडी सोडली. लॉरी हळूहळू मागे जाऊ लागली. दोन थापा. पुन्हा दोन. शिट्टी, हॉर्न, हमालांची बोलणी, त्यातलं मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त ती थाप ऐकू येत होती, पत्र्यातून, सीटमधून, पाठीच्या कण्यातून. सुरुवातीच्या त्या दिवसांत मी मागे उभी राहून हात मारत होते, बांगड्या फोडून घेत होते, आणि आत बसलेल्या माणसाला ती थाप अशी ऐकू येत असेल हे मला माहीत नव्हतं. आत बसलेल्याला मागचं काही दिसत नाही. तो फक्त त्या हातावर विश्वास ठेवून गाडी सोडत असतो. ह्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं.

मग एक थाप आली. मी ब्रेक दाबला आणि लॉरी थांबली.

मी खाली उतरून मागे गेले. लॉरीची मागची फळी आणि कट्टा यांच्यामधे माझा तळहात जेमतेम मावला असता. हे काठीवर भार टाकून उभे होते. मारलेला हात लाल झाला होता आणि ते तो विजारीला पुसत होते.

"लागलं का?" मी विचारलं.

"पत्रा लई गरम हाय," ते म्हणाले, आणि कट्ट्यावरच्या हमालाला फळी सोडायला सांगू लागले.